बातमी, राजकारण, सिनेमा आणि गावातला मोबाइल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीस वर्षं मी विदर्भात तालुक्याला वार्ताहर होतो. आता संध्याकाळी गावच्या वाचनालयात बसतो. पेपर वाचायला येणारे कमी झालेत, पण मोबाइल पुढे करून ‘हे खरं हाय काय, पाहा बरं’ म्हणणारे रोज येतात. बाकीचे मेसेज करून विचारतात. तेच तेच प्रश्न फिरून येतात म्हणून इथे एकत्र केले आहेत. प्रश्न ज्यांनी जसे विचारले तसेच ठेवले, फक्त नावं काढली. एका प्रश्नाचा धागा दुसरीकडे जात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे.

१. पेपरात छापून आलं म्हणजे खरंच असते ना? मग वाद कशाचा?

एकाच पानावर चार प्रकारचा मजकूर असतो आणि चारही एकाच शाईत छापले जातात. पहिली बातमी: काय झालं, कुठे, कधी, कोण म्हणालं. दुसरं मत: अग्रलेख, स्तंभ. तिसरं प्रसिद्धिपत्रक: एखाद्या पक्षानं किंवा कार्यालयानं पाठवलेला मजकूर, जो वेळ नसला की जसाच्या तसा छापला जातो. चौथी बातमीच्या वेशातली जाहिरात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीनंतर महाराष्ट्रातल्या ‘पेड न्यूज’चा प्रश्न देशभर गाजला, तो याच चौथ्या प्रकाराचा. म्हणून भांडायच्या आधी आपण यातल्या कोणत्या प्रकारावर भांडतोय ते ठरवा.

एक खूण सांगतो. प्रत्येक वाक्याला ‘कोण म्हणालं?’ असं विचारा. ‘नागरिकांत संतापाची लाट’ हे मी स्वतः किती वेळा लिहिलं असेल. कधी ती लाट खरोखर अख्ख्या गावाची होती, कधी चौकात भेटलेल्या दोघांची. वाचणाऱ्याला त्यातला फरक कळायला काही मार्ग नव्हता, आणि ते मला आजही बरं वाटत नाही.

२. ‘कापसाला आठ हजारांवर भाव’ वाचून गाडी भरून नेली. हाती आले त्याहून हजार कमी. पेपर खोटा, की व्यापारी?

दरवर्षी दिवाळीनंतर सगळ्यात जास्त येणारा प्रश्न हाच. यावरूनच ग्रुपवर शिवीगाळ होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बाजार समितीत एका दिवसाचे तीन दर निघतात: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. मथळ्यात बहुधा कमाल दर येतो, कारण तो मोठा दिसतो. पण कमाल दर त्या दिवशी एखाद-दोन गाड्यांनाच मिळालेला असू शकतो. मुहूर्ताचा भाव तर त्याहून वेगळा. पहिल्या गाडीला हार घालतात, शेतकऱ्याला शेला-नारळ देतात, फोटो निघतो आणि तो भाव दुसऱ्या दिवशी नसतो. बातमी खोटी नसते, अपुरी असते. वाचताना ‘सर्वसाधारण दर’ आणि ‘आवक’ हे दोन शब्द शोधा. राज्य कृषी पणन मंडळाच्या संकेतस्थळावर रोजचे बाजार समितीनिहाय दर असतात, तिथे हे दोन्ही आकडे मिळतात.

दुसरी गल्लत हमीभावाची. २०२५-२६ च्या हंगामासाठी कापसाचा हमीभाव मध्यम धाग्याला ७,७१० आणि लांब धाग्याला ८,११० रुपये क्विंटल. सोयाबीनचा ५,३२८. हे भाव ठरवून दिलेल्या प्रतीच्या मालाचे आहेत. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) केंद्रावर कापसात ८ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर पूर्ण भाव, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि १२ च्या वर गेला की गाडी परत. त्यामुळे ‘हमीभाव ८,११० आहे’ म्हणणारा आणि ‘मला कोणी दिला नाही’ म्हणणारा, दोघंही खरं बोलत असतात. ग्रुपवर मात्र एक सरकारचा चमचा ठरतो आणि दुसरा रडका.

तिसरी गोष्ट कारणाची. केंद्रानं १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरचं ११ टक्के आयात शुल्क काढलं. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग मुदत वाढवून ३१ डिसेंबरपर्यंत. म्हणजे आपला कापूस वेचून बाजारात यायच्या नेमक्या दिवसांत. ही तारीख, ही टक्केवारी पक्की आहे, त्यावर वाद नाही. त्यामुळे भाव नेमका किती पडला हा मात्र तर्क आहे. तिथे जगातला भाव, रुईची मागणी, सरकीचा दर सगळं येतं. पक्कं काय आणि तर्क काय हे वेगळं ठेवून बोललात तर तुमचा मुद्दा उलट जड होतो. मला स्वतःला विचाराल तर शुल्क काढायची वेळ शेतकऱ्याच्या मुळावर आली, असंच मी म्हणेन. पण हे माझं मत आहे आणि ते मत म्हणूनच मांडतो.

३. आमच्या गावाबद्दल साफ चुकीचं छापलं. सांगावं कोणाले?

आधी कात्रण जपून ठेवा. त्यावर तारीख, पान आणि आवृत्ती लिहा. एकाच पेपरची नागपूर, अकोला, यवतमाळची पानं वेगळी असतात, तुमची बातमी दुसऱ्या आवृत्तीत नसेलही. मग संपादकाला लेखी कळवा: चुकीचं वाक्य कोणतं, बरोबर काय, पुरावा काय. एका पानात. वार्ताहराला फोनवर शिव्या देऊन काही होत नाही. मथळा बहुतेक वेळा त्यानं दिलेलाच नसतो, तो डेस्कवर बसतो.

संपादकानं दाद दिली नाही तर भारतीय प्रेस कौन्सिलकडे तक्रार करता येते. दैनिक-साप्ताहिकासाठी छापून आल्यापासून दोन महिन्यांच्या आत. संपादकाला आधी लिहिल्याची प्रत जोडावी लागते. कौन्सिल दंड किंवा तुरुंग देऊ शकत नाही. ताकीद देते, ताशेरे ओढते. टीव्हीची तक्रार कौन्सिलकडे चालत नाही, ती आधी वाहिनीकडेच करायची. यूट्यूब-फेसबुकवरच्या मजकुरासाठी २०२१ च्या नियमांनुसार त्या कंपनीला तक्रार अधिकारी नेमावाच लागतो, त्याचा पत्ता त्यांच्याच पानावर असतो.

माझ्या वेळी एका गावात ‘हागणदारीमुक्त गावात शौचालयच नाही’ अशी बातमी आली होती. गावातल्या बचत गटाच्या बायांनी प्रत्येक घरासमोर उभं राहून फोटो काढले, यादी केली आणि संपादकाला पाठवली. चौथ्या दिवशी खुलासा छापून आला. आरडाओरड कुठेच झाली नव्हती.

४. नेटवर्कची एकच काडी असते. फॉरवर्ड खरा की खोटा, पाहावं कसं?

नेटवर्क नसतानाही निम्मं काम होतं. मजकुरात तारीख आहे का? गाव, तालुका आहे का? ‘सर्वांना पाठवा’, ‘मीडिया दाखवणार नाही’ असं आहे का? वरती दोन बाण दिसतात का? दोन बाण म्हणजे तो मेसेज पाच किंवा जास्त हात फिरून आलाय, पाठवणाऱ्या भाऊजींनी तो पाहिलेला नाही, फक्त ढकललाय.

व्हिडिओ असेल तर आवाज बंद करून पाहा. दुकानाच्या पाट्या कोणत्या भाषेत आहेत? गाड्यांचा नंबर एमएच आहे का? झाडं, छपरं आपल्याकडची आहेत का? पावसाळ्यात वैनगंगा फुगली की २०२० च्या ऑगस्टअखेरच्या महापुराचे व्हिडिओ ‘आत्ताचे’ म्हणून परत निघतात आणि ब्रम्हपुरी-वडशाकडे पोरी दिलेल्या घरांत रात्रभर झोप नसते. नेटवर्क आलं की चित्र गूगल लेन्समध्ये टाका, आधी कुठे आलं होतं ते दिसतं.

आणि सगळ्यात साधा उपाय: त्या गावात कोणी ना कोणी नात्यातलं असतंच. फोन लावा.

५. ‘मुलं पळवणारी टोळी आली’ असा मेसेज आला. खोटा असला तरी सावध केलेलं बरं नाही का?

नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला अशाच अफवेवरून भिक्षा मागायला आलेल्या पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एकावेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. पुढे २०२० मध्ये फार फिरलेल्या मेसेजला एकाच ठिकाणाची.

आपल्याकडे बहुरूपी, गोंधळी, नंदीवाले, जडीबुटीवाले, मध्य प्रदेश-छत्तीसगडचे मजूर वर्षभर येतात. ‘सावध’ करणारा मेसेज त्यांच्या गळ्याशी येतो. संशय आला तर ११२ वर फोन करा किंवा पोलीस पाटलाला सांगा. ग्रुपवर टाकू नका.

६. ग्रुपवर दुसऱ्यानं काही घाण टाकली तर ॲडमिनला आत टाकतात म्हणे?

सरसकट नाही. हा निकाल आपल्याच भागातला आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या एका ॲडमिनवर गुन्हा दाखल झाला होता, कारण त्याच्या ग्रुपमधल्या सदस्यानं एका महिलेबद्दल अश्लील लिहिलं आणि त्यानं त्याला काढलं नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये तो गुन्हा रद्द केला. ॲडमिनला सदस्य घेण्या-काढण्यापलीकडे फारसा अधिकार नसतो. दोघांनी मिळून ठरवून केलं असं दिसत नसेल, तर सदस्याच्या लिखाणाचा भार ॲडमिनवर टाकता येत नाही, असं न्यायालयानं म्हटलं.

पण कायद्यातून सुटणं वेगळं आणि ग्रुप सांभाळणं वेगळं. ज्या बाईबद्दल लिहिलंय ती त्याच गावात राहते. मजकूर काढा, त्या माणसाला समज द्या, ऐकत नसेल तर ग्रुपमधून बाहेर करा.

७. ग्रुपवर नाही टाकलं, मी फक्त स्टेटस ठेवलं. ते तर माझं स्वतःचं ना?

नागपूर खंडपीठासमोर जुलै २०२३ मध्ये हाच बचाव आला होता. एका धर्माबद्दलच्या स्टेटसवरून दाखल झालेला गुन्हा रद्द करायला न्यायालयानं नकार दिला. स्टेटस लोकांनी पाहावं म्हणूनच ठेवतात, ती आपल्या ओळखीच्यांशी बोलण्याचीच एक रीत आहे, तेव्हा जबाबदारीनं वागा, असा त्याचा आशय.

८. आमदारावर, सरपंचावर टीका केली तर गुन्हा होते काय?

टीका करणं हा गुन्हा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ कलम, ज्याच्या जोरावर साध्या पोस्टवर अटक व्हायची, ते सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. आजही कोणी ‘६६-अ लावू’ म्हणून धमकावत असेल तर ते कलम मेलेलं आहे.

पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बदनामी (कलम ३५६), समाजासमाजांत तेढ (१९६) आणि अफवा पसरवून शांतता बिघडवणं (३५३) हे गुन्हे आहेत. उदाहरणानं सांगतो. ‘एप्रिलपासून आमच्या वस्तीत टँकर आला नाही, सरपंच काय करतात?’ ही टीका. बेधडक लिहा. ‘सरपंचानं टँकरचे दोन लाख खाल्ले’ हा आरोप. हातात कागद नसेल तर लिहू नका. कागद हवा असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा: दहा रुपये शुल्क, तीस दिवसांची मुदत. टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही मागा. ती वही ग्रुपवर ठेवली की आरोप करायची गरजच राहत नाही. खरं आणि लोकांच्या भल्याचं असेल, तर बदनामीच्या कायद्यातही त्याला संरक्षण आहे.

सरपंच महिला असेल तर तिच्या कामावर बोला. तिच्या कपड्यांवर, नवऱ्यावर, ‘खुर्चीवर ती, कारभार तो’ यावर अर्धा ग्रुप घसरतो आणि टँकर बाजूलाच राहतो. (प्रश्न १५ पाहा.)

९. निवडणुकीत काय टाकायचं नाही?

मतदान संपायच्या आधीच्या ४८ तासांत प्रचार बंद, हे मोबाइललाही लागू धरा. यंत्रावरच्या मताचा फोटो कधीच नाही, मत गुप्त असतं. मतदान पूर्ण होईस्तोवर मतदानोत्तर चाचणी नाही. २०२४ च्या लोकसभेला इथे खूप जण चुकले: पूर्व विदर्भातल्या पाच जागांचं मतदान १९ एप्रिलला झालं, पश्चिमेकडच्या पाचांचं २६ ला, आणि चाचणीवरची बंदी देशातला शेवटचा टप्पा संपेपर्यंत, म्हणजे १ जूनच्या संध्याकाळपर्यंत होती. ‘आपलं तर झालं’ म्हणून आकडे टाकणं चुकीचंच होतं. पैसे-दारू वाटप दिसलं तर ग्रुपवर ओरडण्याऐवजी आयोगाच्या सी-व्हिजिल ॲपवर जागेवरूनच फोटो टाका.

१०. वाघाच्या बातमीखाली शहरातले लोक आम्हालाच राक्षस ठरवतात. त्यांना उत्तर द्यावं काय?

द्यावं, आणि नीट द्यावं. ते तुम्ही दिलं नाही तर तुमच्या वतीनं कोणीच देणार नाही.

अवनी आठवते ना? टी-१ वाघीण. पांढरकवडा-राळेगावच्या जंगलपट्टीत तिच्या नावावर १३ माणसांचे बळी लावले गेले. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घातली. मोठ्या शहरांत मेणबत्त्या पेटल्या, ‘अवनीला न्याय द्या’ म्हणून देशभर मोहीम झाली. इकडे गावांत फटाके फुटले. दोन्हीचे फोटो एकमेकांसमोर ठेवून लोक महिनोन्‌महिने भांडले.

त्या भांडणात तीन वेगळे प्रश्न एकात कालवले गेले. माणसं मारणारी वाघीण हीच होती का? मारताना नियम पाळले का, बेशुद्ध करायचा खरा प्रयत्न झाला का? आणि दोन वर्षं कापूस वेचायला जाताना बायांच्या पोटात जो गोळा येत होता, त्याचा हिशेब कुठे लिहिलाय? शहरातला माणूस दुसऱ्या प्रश्नावर बोलत होता, आणि त्याचा तो प्रश्न बिनबुडाचा नव्हता. गावातला माणूस तिसऱ्यावर बोलत होता. दोघांना वाटलं समोरचा आपल्या प्रश्नाचं उलटं उत्तर देतोय.

म्हणून उत्तर देताना ‘तुम्ही येऊन राहा इथे’ एवढ्यावर थांबू नका. सांगा की विजेची रात्रपाळीची लाइन येते तेव्हा ओलिताला रात्री दोनलाच जावं लागतं. सांगा की मोहफूल पहाटे वेचावं लागतं, तेंदूपत्त्याचा हंगाम मे महिन्यातच असतो आणि त्या चार पैशांवर पुढचं बी-बियाणं येतं. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात पानं तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघानं मारल्या. त्यांच्याबद्दल कोणी ‘जंगलात कशाला गेल्या?’ असं विचारलं, तर हे सांगा. आणि समोरचा नियमांबद्दल बोलत असेल तर मान्य करा की नियम पाळलेच पाहिजेत. त्यानं तुमची बाजू कमजोर होत नाही.

मृतदेहाचे फोटो मात्र पुरावा म्हणूनही टाकू नका.

११. शेतकऱ्यानं आत्महत्या केली. फोटो, चिठ्ठी ग्रुपवर टाकली तर सरकारला जाग येईल ना?

१९ मार्च १९८६ ला यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या शेतकरी कुटुंबानं जीवन संपवलं. त्या दिवसाच्या आठवणीत आजही दर १९ मार्चला लोक अन्नत्याग करतात. त्यात फोटो नसतो, कसं केलं याचं वर्णन नसतं. कर्ज, भाव आणि कायदे यांवर बोलणं असतं. बोलायचं ते असं.

फोटो आणि पद्धत सांगितली की तशाच विवंचनेत बसलेल्या दुसऱ्याला वाट दाखवल्यासारखं होतं. प्रेस कौन्सिलनं २०१९ मध्ये वृत्तपत्रांना हेच सांगितलं: पद्धत नको, ठळक मथळा नको, फोटो नको. आपल्या ग्रुपला वेगळा नियम कशाला?

आणखी एक गोष्ट, जी कमेंट लिहिणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. त्याच्या घरच्यांना द्यायच्या सरकारी मदतीचं प्रकरण समितीपुढे जातं, तिथे ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. सातबारा, कर्ज, वसुलीचा तगादा पाहतात. तेव्हा ‘तो तर पेताडच होता’, ‘घरच्या भांडणातून केलं’ अशी न पाहता लिहिलेली ओळ गावभर फिरते आणि त्याच्या बायकोच्या दारापर्यंत पोचते. तिला ती जन्मभर पुरते.

कोणाच्या बोलण्यात निरवानिरव जाणवली तर १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. पण आधी त्याच्या घरी जाऊन बसा.

१२. सिनेमात-मालिकेत वऱ्हाडी बोलणारा म्हणजे नोकर नाहीतर विदूषक. यावर बोलावं, की ‘मनोरंजन आहे’ म्हणून सोडावं?

बोलावं. फक्त ‘आमचा अपमान झाला’ एवढंच म्हटलं की पुढचा म्हणतो ‘हसायला शिका’ आणि विषय संपतो. नेमकं दाखवा. बहुतेक वेळा पात्र जी भाषा बोलतं ती वऱ्हाडीच नसते. डोळ्याला वऱ्हाडात, म्हणजे पश्चिम विदर्भात, ‘डोया’ म्हणतात, पूर्वेकडच्या झाडीपट्टीत ‘डोरा’. लेखक दोन्ही एका तोंडी घालतो, वरून नागपूरचं ‘करून राहिलो’ शिंपडतो आणि झाली विदर्भाची भाषा तयार. हे वाक्यागणिक दाखवणारी पोस्ट मी वाचलेली आहे. तिच्याखाली त्या बोलीत न बोलणाऱ्यांनीही विचारपूस केली होती.

दुसरी बाजूही सांगतो. झाडीपट्टीच्या नाटकांवर आपलेच शिकलेले लोक तुटून पडतात: मध्येच नाच, भडकपणा, दर्जा नाही. दिवाळीनंतर गावोगाव मंडप पडतात, वडशाच्या कंपन्या रात्रभराचं नाटक घेऊन येतात, शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) गावात माणूस मावत नाही. याच रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. एखाद्या प्रयोगातला नाच खटकला तर त्या प्रयोगावर लिहा. न पाहता अख्ख्या रंगभूमीला नावं ठेवणं आणि मुंबईच्या लेखकानं वऱ्हाडीला हसणं, या दोन्हींत मला फार अंतर दिसत नाही.

१३. ‘तुकडोजी महाराज म्हणाले होते…’ म्हणून काहीही फिरते. तपासावं कसं?

ठिकाण विचारा. ग्रामगीता ४१ अध्यायांची आहे आणि ओवीत आहे. अध्याय सांगा, ओवी दाखवा, एवढंच म्हणायचं. गद्यातलं, आजच्या पक्षाच्या सोयीचं वाक्य असेल तर पाठवणारा गप्प होतो. बाबासाहेबांचं लेखन आणि भाषणं राज्य सरकारनं खंडांत छापली आहेत, तिथे खंड आणि पान विचारा. गाडगेबाबांचं तसं नाही. ते कीर्तनात बोलले, लिहून ठेवलं ते दुसऱ्यांनी. तिथे ‘अमुकानं नोंदवलेलं’ असंच म्हणावं.

१४. वेगळ्या विदर्भाचा विषय निघाला की सगळे जुनेच आकडे फेकतात. खरं काय?

पक्कं एवढं: १९५३ चा नागपूर करार, १९५५ मध्ये राज्य पुनर्रचना आयोगानं वेगळ्या विदर्भाची केलेली शिफारस, १ मे १९६० ला महाराष्ट्रात समावेश, १९९४ ची वैधानिक विकास मंडळं, ज्यांची मुदत ३० एप्रिल २०२० ला संपली. याच्या पुढे ‘अनुशेष’ (विकासात मागे राहिलेली तूट) म्हणून जो आकडा येईल त्याला तीन प्रश्न विचारा: कोणत्या वर्षाचा, कशाचा (सिंचन, रस्ते, नोकऱ्या), आणि मोजला कोणी. आणि ११ जिल्ह्यांचा एकच विदर्भ धरू नका. भंडाऱ्याच्या धानवाल्याचं दुखणं वाशीमच्या सोयाबीनवाल्यापेक्षा वेगळं आहे.

१५. मुलगी कमेंट लिहिते, तर पोट्टे घाणेरडं बोलतात. तिचा मोबाइल काढून घ्यावा का?

काढून घेऊ नका. चूक तिची नाही आणि शिक्षा तिला होते. घाण कमेंटचा स्क्रीनशॉट घ्या, त्यात नाव, तारीख, वेळ आणि पोस्टचा पत्ता दिसला पाहिजे. मगच ब्लॉक करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार होते, ठाण्यातही देता येते. मागे लागणं, अश्लील बोलणं हे मोबाइलवरही गुन्हेच आहेत.

याच्याच जोडीला एक: लैंगिक अत्याचाराची बातमी खरी असली, तुमच्या मनात कळवळाच असला, तरी पीडितेचं नाव, फोटो, ‘अमक्याची पोरगी’ अशी ओळख टाकणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ नुसार गुन्हा आहे. लहान मुलांच्या बाबतीत पॉक्सो, म्हणजे बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या कायद्यातही तेच. गाव पाचशे घरांचं असेल तर आळीचं नाव लिहिलं तरी ओळख पटते. ‘श्रद्धांजली’चं बॅनरही याला अपवाद नाही.

१६. मोठ्या पेपरात, टीव्हीवर आली नाही, म्हणजे ती बातमी खोटी समजावी का?

इथे मला सरळ उत्तर देता येत नाही. प्रश्न ४ मध्ये ‘मीडिया दाखवणार नाही’ ही खोट्या मेसेजची खूण सांगितली. पण २९ सप्टेंबर २००६ ला भंडारा जिल्ह्यात मोहाडी तालुक्यातल्या खैरलांजीला एका दलित कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली, तेव्हा कित्येक दिवस देशाच्या मोठ्या माध्यमांना त्याचं गांभीर्य कळलं नव्हतं. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी पत्रकं, माहितीचे कागद फिरवले, नोव्हेंबरात नागपूर-अमरावतीत लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा कुठे ती बातमी देशाची झाली.

म्हणून न आलेल्या बातमीला वेगळी कसोटी लावा. फिरवणारा स्वतः तिथे गेला होता का? तो नाव लावून बोलतो का? गुन्हा नोंद, पंचनामा, दवाखान्याचा कागद असं काही आहे का? तेव्हाचे कार्यकर्ते गावात जाऊन, लोकांशी बोलून, कागद हाती घेऊन बोलत होते. नुसतं ‘दडपलं जातंय’ म्हणणाऱ्याकडे यातलं काही नसतं.

१७. दोन चुलतभाऊ ग्रुपवर पक्षावरून भांडले, आता धुऱ्यावरही (शेताच्या बांधावरही) बोलत नाहीत. काय करावं?

माझ्याच गावचं सांगतो. एकच ग्रुप होता. त्यात लाइन कधी येते, कोणाची गाय हरवली, फवारणीचा पंप कोणाकडे आहे, आणि त्यातच पक्षांचे व्हिडिओ. एका रात्री ओलितावर बसलेल्या दोघांत सुरू झालं. तीन वाजेपर्यंत चाळीस मेसेज. सकाळी एकानं ग्रुप सोडला. आठवड्यानं त्याचा बैल सुटला तेव्हा कळवायला कोणी नव्हतं.

मग वाचनालयात बसून दोन ग्रुप केले. कामाचा वेगळा, चर्चेचा वेगळा. चर्चेच्या ग्रुपवर रात्री दहानंतर लिहायचं नाही. जात, घरची बाई, आजार यांवर जायचं नाही. आणि तिसऱ्या उत्तरानंतर लिहिणं बंद करून फोन लावायचा किंवा दारी जायचं. हा शेवटचा नियम एका म्हाताऱ्या बाबांनी सुचवला. पारावर बोलताना तोंड दिसतं, म्हणाले, पुढच्याला लागलं की आपण आवाज उतरवतो. इथे दिसतच नाही.

त्या दोघांना लिहून समजवायला जाऊ नका. दोघांनाही मान असलेल्या आत्याला किंवा मोठ्या वहिनीला मध्ये घाला. पोळ्याच्या दिवशी बैल घेऊन एकमेकांच्या दारी जावंच लागतं, तो मुहूर्त चांगला.

१८. मीच खोटी बातमी पाठवली होती. पंधरा दिवसांनी कळलं. आता सांगून काय फायदा?

सांगा. ‘सर्वांसाठी डिलीट’ सुमारे अडीच दिवसच चालतं, त्यामुळे तुमचा मेसेज अजून तिथेच आहे आणि कोणीतरी तो उद्या परत काढेल. त्याच ग्रुपवर, त्याच मेसेजला उत्तर म्हणून लिहा: ‘हे मी अमुक तारखेला पाठवलं होतं, ते चुकीचं आहे. बरोबर असं आहे.’ पुरावा जोडा. ‘गैरसमज झाला असल्यास’ असं लिहू नका, चूक झाली असं लिहा. दुसऱ्या ग्रुपांवर पाठवलं असेल तर तिथेही. आणि त्यात कोण्या माणसाचं नाव आलं असेल, तर आधी त्याच्या घरी जा, मग ग्रुपवर लिहा.